पंचवीस इंच

बाबांना गाडीतून बाहेर काढायची माझी एक पद्धत ठरून गेली होती. दार पूर्ण उघडायचं, त्यांचे दोन्ही पाय धरून बाहेर वळवायचे, काठी उजव्या हातात द्यायची, मग दोन्ही काखांत हात घालून "एक, दोन, तीन" म्हणत ओढायचं. तीनला ते कधीच उठले नाहीत. पाचला उठायचे, वाईट दिवशी आठला. तोवर माझ्या कंबरेत कळ आलेली असायची आणि त्यांचा चेहरा लालबुंद झालेला असायचा. मग ते सदरा खाली ओढायचे, मी ओढणी सारखी करायची, आणि एकमेकांकडे न बघता आम्ही फाटकातून आत जायचो. आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपीहून परतल्यावर, नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत हा प्रयोग होत असे. समोरच्या काकूंना नेमकी त्याच वेळी झाडांना पाणी घालायची आठवण व्हायची.

मी एक्कावन्न वर्षांची. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्न केलं नाही. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे घरात ओढणारी मी आणि ओढले जाणारे ते, तिसरं कुणी नाही. भाऊ बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणायचा, "ते भंगार काढून टाका, चांगली उंच गाडी घेऊन देतो." बाबा शेजारी बसून ऐकायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ते भंगार म्हणजे मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून जी धावायची ती गाडी. आमची सायीच्या रंगाची. मी सातवीत असताना बाबांनी ती जुनीच घेतली होती. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची टर्बाइनवर पाळी असायची, आणि क्वार्टर्सच्या रांगेत आमच्या दारापुढे ही उभी. तिला आजवर जे काही झालं ते बाबांनी स्वतः खाली आडवं पडून बघितलं होतं. गेल्या दिवाळीनंतर ते न्हाणीत पडले, खुबा बदलावा लागला, आणि गाडीखाली आडवं पडणं कायमचं संपलं.

खरं सांगायचं तर त्या वर्षात मी फार थकले होते. दुपारी चारला कॉलेज सुटलं की घरी जायला पाय निघायचा नाही. स्टाफरूममध्ये उगाच पेपरांचा गठ्ठा पुढे घेऊन बसायचे. असं अजून किती वर्षं चालायचं, हा प्रश्न मी मनात विचारलेला आहे. लाज वाटते, पण विचारलेला आहे, आणि एकदाच नाही.

कोराडीला बाबांच्या बरोबरीचे निवृत्त लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर जमतात. आठ-दहा म्हातारे, कडुनिंबाखाली दोन बाकं, चहा, आणि त्याच त्या गोष्टी. पडायच्या आधी बाबांनी एकही रविवार चुकवला नव्हता. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, मी त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले. आणि तिथे, त्या सगळ्यांसमोर, माझी पद्धत वापरली. पाचला उठले नाहीत. आठलाही नाहीत. एक काका धावत आले आणि त्यांनी दुसरी काख धरली. बाकीचे हातातल्या चहाच्या ग्लासाकडे बघत राहिले. ते बघणं मला अजून दिसतं. बाबांनी अर्धा कप चहा प्यायला, आणि परत येताना मानकापूरच्या पुढे कुठेतरी म्हणाले, "आता कोराडीले नाही यायचं वं. धूळ लय आहे तिथं."

बत्तीस वर्षं ती राखेची धूळ त्यांनी खाल्ली होती. आईनं वाळत घातलेल्या चादरी दिवसातून दोनदा झटकल्या होत्या. त्या धुळीबद्दल एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मार्च गेला, एप्रिल गेला, पहिले रविवार येत गेले. त्या सकाळी बाबा लवकर आंघोळ करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि व्हरांड्यातल्या पलंगावर बसून राहायचे. मी विचारलं की, "कुठं नाही, असंच," म्हणायचे.

मी सीटवर टाकायला एक जाड गादी शिवून आणली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर फेकली. "गादी टाकली की मी पेशंट." म्हटलं, पेशंटच तर आहात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गादी घरी आणून मांजराला दिली.

मग पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी चहा घेऊन व्हरांड्यात गेले, तेव्हा बाबा पलंगावरून उठत होते. एकटे. काठीवर एक हात, गुडघ्यावर एक हात, आणि उठले. हे ते रोजच करत होते, मीच कधी बघितलं नव्हतं. शिकवायचा धंदा असल्यामुळे असेल, मी कॉलेजला दांडी मारून टेप घेतला आणि घरातली बसायची प्रत्येक जागा मोजली. सोफा सतरा इंच, तिथून ते उठत नाहीत. जेवणाची खुर्ची साडेअठरा, दुसऱ्या प्रयत्नात उठतात. पलंग एकोणीस, एका झटक्यात. मग बाहेर जाऊन गाडीची पुढची सीट मोजली. साडेसोळा.

गाडी पुढून खाली गेलेली होती. चाकावरची मडगार्डची कड जवळजवळ टायरवर टेकायला आली होती आणि प्रत्येक गचक्याला खालून धप्प आवाज यायचा. स्प्रिंगा दबून बसल्या होत्या. मी वीस-बावीस वर्षं फळ्यावर स्प्रिंगा टांगते, त्यांना वजनं लावते, मुलांकडून ताण आणि लांबीची गणितं सोडवून घेते. माझ्याच दारातल्या स्प्रिंगा माझ्या बापाला खाली खेचून धरताहेत हे मला आठ महिने दिसलं नाही. मला माझाच राग आला, आणि नंतर, खूप दिवसांनी, थोडं बरंही वाटलं. कारण ही गोष्ट दुरुस्त होण्यासारखी होती.

"बाबा, पुढच्या स्प्रिंगा बदलू या?"

त्यांनी टीव्ही बंद केला. इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून टीव्ही बंद केल्याचं मला आठवत नाही.

"वही आण," म्हणाले.

वहीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा होते तशी सगळ्यांकडे होते. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पण लिंबू चिरडून गाडी परत जागेवर लागली की बाबा पोतं अंथरून गुडघ्यावर बसायचे आणि चारही चाकांपाशी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचे. ते वहीत लिहायचे. तारीख, चार आकडे, आणि शेवटच्या रकान्यात सही. आई म्हणायची, लोक पोरांची उंची दारावर लिहितात, हा माणूस गाडीची लिहितो. सहीचा रकाना कोराडीचा. तिथे दर तासाला मीटर वाचून कागदावर उतरवायचे, आणि ज्यानं स्वतः डोळ्यांनी वाचलं त्यानंच सही करायची. दुसऱ्यानं सांगितलेला आकडा लिहिला तर सही नाही. मी दहावीत असताना न करता लिहिलेल्या प्रयोगाच्या जर्नलवर बाबांनी पालक म्हणून सही दिली नव्हती. त्यांच्या हट्टापायी मी शाळेत बोलणी खाल्ली होती.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत होतं: पुढे पंचवीस इंच. गाडी नवी असतानाची, कंपनीच्या पुस्तकातली उंची. गेल्या दसऱ्याला, पडायच्या आधी, त्यांनी मोजलेलं शेवटचं: डावीकडे पावणेतेवीस, उजवीकडे तेवीस.

"हिरव्या ठिपक्याची स्प्रिंग पायजे," ते म्हणाले. "ओरिजनल. तारेवर हिरवा रंग लावलेला असते. दुसरी कोणी काही देईन, रबर भर म्हणन, गॅसवर तापवून लांब करून देतो म्हणन. आणू नको. पंचवीस म्हणजे पंचवीस."

त्या दिवशी ते जेवणातही दोन घास जास्त जेवले. मला भरून आलं, आणि लगेच धास्तीही वाटली, कारण वहीकडे बघता बघता माझं गणित झालं होतं. पुढची उंची जितकी वाढेल त्याच्या साधारण दोन तृतीयांश सीट वर येणार. हिरव्या ठिपक्यानं गाडी पंचवीसवर आली तर सीट होणार अठरा. अठराला बाबा उठत नाहीत. साडेअठरालाच दोनदा प्रयत्न करावा लागतो. मला एकोणीस हवे होते.

सस्पेन्शनचं काम करणारे मिस्त्री बाबांना चाळीस वर्षं ओळखत होते. त्यांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतीला खिळे, आणि खिळ्यांवर टांगलेल्या स्प्रिंगा. मी आत गेले तर स्टूल पुसून दिलं.

"साहेब नाही आले?"

"उठता येत नाही त्यांना गाडीतून. त्यासाठीच आले."

त्यांनी गाडीपाशी जाऊन पुढचा बंपर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग आत जाऊन तीन जोड्या आणल्या आणि माझ्यापुढे जमिनीवर मांडल्या. पहिली जोडी तेलकट कागदात गुंडाळलेली होती. कागद सोडला तर तारेवर हिरवा ठिपका, इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे फिका पडलेला. दुसरी इथेच कुणीतरी वळलेली, काळी, गुळगुळीत. मिस्त्रींनीच ती पायानं बाजूला सारली. "दोन दसरे बी नाही निघन इच्यात."

"आणि ही?"

तिसऱ्या जोडीची तार अर्धा सूत जाड होती. डोळ्यांना फरक दिसतही नव्हता, हाताला कळत होता.

"हे डिझेलवाल्या मॉडेलची आहे मॅडम. त्याचं इंजिन लय भारी राहते, म्हणून स्प्रिंग बी कडक. तुमच्या हलक्या इंजिनाखाली टाकली तर गाडी नाक वर करून उभी राहीन. कोंबड्यावानी."

"किती वर?"

"दीड इंच. ओरिजनलच्या वर दीड इंच."

पंचवीस अधिक दीड, साडेसव्वीस. सीट एकोणीस. मी आकडा बोटांवर दोनदा करून बघितला. वर्गात अशी मुलं असली की मी त्यांना रागावते.

"हीच टाका."

मिस्त्री हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. गचके लागतील. खड्ड्यात गाडी बसणार नाही, आदळेल, आणि खुबा बदललेल्या माणसाला ते सोसायचं नाही. स्टिअरिंग हलकं लागेल. टायर एका बाजूनं झिजेल. आणि सगळ्यात शेवटी म्हणाले, "साहेबाले काय सांगान? त्याहिनं हिरवा ठिपका सांगितला असन."

"हिरवा ठिपका सांगितलाय."

"मंग? त्याहिच्याशी मी चाळीस सालात खोटं नाही बोललो जी."

"तुम्ही नका बोलू," मी म्हटलं. "मी बोलते."

हे म्हणताना माझा आवाज चढला होता. त्या बिचाऱ्यांचा काय दोष, पण चढला. मी दोन्ही जोड्या हातात घेऊन बघितल्या. हिरवी जोडी बाबांची होती. तीत त्यांचं सगळं शहाणपण होतं, मऊ चालणारी, पुस्तकाबरहुकूम. पण ती टाकली तर ते कोराडीला पुन्हा कधी उतरणार नाहीत, आणि मी आयुष्यभर पाचपर्यंत मोजत राहणार. डिझेलची टाकली तर त्यांना कदाचित दुखेल, आणि मला त्यांच्याशी त्यांच्याच वहीत खोटं बोलावं लागेल. माझं वजनं लावायचं शास्त्र इथे काही कामाचं नव्हतं. शेवटी हिरवी जोडी मी कागदात परत गुंडाळून मिस्त्रींच्या हातात दिली. मागे वळून बघितलं नाही, नाहीतर मन बदललं असतं.

दोन दिवसांनी गाडी आणली तेव्हा बाबा फाटकाशी काठी टेकून उभे होते. गाडी खरंच कोंबड्यासारखी दिसत होती. मी उतरले, दार लावलं, आणि त्यांच्याकडे बघायचं टाळून किल्ली पर्समध्ये शोधत बसले. किल्ली माझ्या हातातच होती.

"नाक वर वाटून राहिलं," ते म्हणाले.

"नवी आहे ना बाबा. बसेल हळूहळू."

"हौ. नवी स्प्रिंग बसतेच."

एवढंच. ते पुढच्या चाकापाशी जाऊन थोडा वेळ काठीवर रेलून उभे राहिले, जसे ते नेहमी उभे राहायचे. ती काठी ऑपरेशननंतर घेतलेली. उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडून टेप आणि वायरीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी मागून घेतली होती आणि काठीला मधेच एक वेढा मारला होता. काठी चिरली का, विचारलं तर "हं" म्हणाले होते.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपीहून आलो. रस्ताभर खड्डे मोजत मी गाडी चालवली. एका गतिरोधकावर गाडी इतकी आदळली की माझ्या दातावर दात आपटला. बाबांनी वरचा दांडा घट्ट धरला होता, ओठ मिटले होते. "दुखलं?" विचारलं तर म्हणाले, "रस्ताच खराब आहे." घराशी आलो. मी पलीकडून फिरून त्यांच्या दाराशी जाईपर्यंत त्यांनी पाय स्वतःच बाहेर काढले होते. काठीवर एक हात, गुडघ्यावर एक हात. आणि ते उठले.

मी काखांत घालायला पुढे केलेले हात तसेच राहिले. मग मी गाडीचं दार लावलं. बाबा सदरा ओढून फाटकाकडे चालायला लागले होते. समोरच्या काकू पाण्याचा पाइप हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या चपलांवर पाणी पडत होतं. मला तिथेच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. कंबर मात्र त्या दिवशी दुखली नाही.

खंडेनवमी आली. माळ झाली, स्वस्तिक झालं, मी गाडी लिंबांवरून पुढेमागे केली. बाबा खुर्ची मागवून गाडीशेजारी बसले, वही मांडीवर, पेन उघडं.

"पोतं आण. यंदा तुले मोजा लागन."

मी पोतं अंथरलं आणि गुडघ्यावर बसले. मागची दोन चाकं आधी मोजली, खरीखुरी. आकडे सांगितले, त्यांनी लिहिले. मग पुढे आले. बाबाही खुर्चीवरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, काठी टेकून. डाव्या चाकापाशी टेप लावला. साडेसव्वीस, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मिस्त्रींनी काम चोख केलं होतं. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर होतं आणि माझ्या हाताला घाम सुटला होता. मला वाटलं, सांगून टाकावं. टेप त्यांच्याकडे वळवावा आणि म्हणावं, बाबा, बघा.

"किती?"

"पंचवीस."

"उजवी?"

मी पलीकडे गेले. टेप लावलासुद्धा नाही, नुसती वाकले.

"पंचवीस."

पेनाचा आवाज आला. वही मिटल्याचा आवाज आला. मी उठले तेव्हा ते आत जायला वळले होते. रात्रभर, दुसऱ्या दिवशी सोनं वाटताना, आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन पाया पडताना, माझ्या डोक्यात एकच होतं, की आयुष्यभर ज्यानं न वाचलेला आकडा लिहिला नाही त्या माणसाच्या वहीत मी खोटा आकडा घातला, आणि त्याला वाकून खात्री करता येत नाही म्हणून घातला.

त्यानंतर आलेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसले. मी गाडीची किल्ली घेऊन पुढे जाऊन उभी राहिले.

"धूळ असन," म्हणाले.

"असू दे."

टपरीजवळ गाडी थांबवली तेव्हा कडुनिंबाखाली सगळे होते. फेब्रुवारीत काख धरणारे काका लगबगीनं उठले आणि आमच्याकडे निघाले. मी खिडकीतून हात करून त्यांना थांबवलं. स्वतः स्टिअरिंगवरच बसून राहिले, त्या बाजूला गेलेच नाही. बाबांनी दार उघडलं. पाय बाहेर. काठी. गुडघा. एका झटक्यात नाही जमलं, क्षणभर मधेच अडकल्यासारखे झाले, आणि माझ्या तोंडून "एक" निघालासुद्धा. पण दोन म्हणायच्या आत ते उभे होते. बाकावरच्यांनी काही न झाल्यासारखं सरकून जागा केली. त्याबद्दल मी त्या सगळ्यांची ऋणी आहे.

चहा आला. मला वेगळी खुर्ची आणून दिली. एक काका, जे मेंटेनन्समध्ये होते आणि ज्यांची नजर अजून शाबूत होती, ते गाडीकडे बघत म्हणाले, "पुढून उचलली दिसून राहिली गा. काय टाकलं?"

मी ग्लास खाली ठेवला.

"नवी स्प्रिंग," बाबा म्हणाले. "ओरिजनल. हिरवा ठिपका."

"लय वर वाटते पण."

"पंचवीस इंच आहे. पोरीनं मोजली, पोतं टाकून."

काकांनी आणखी एकदा गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि बिस्कीट चहात बुडवलं. बाबा माझ्याकडे न बघता दुसऱ्या गोष्टीवर गेले. दोन तास बसले. दोनदा उठून पायही मोकळे करून आले. परतताना मानकापूरच्या पुढे ते चक्क गुणगुणत होते, आणि खड्ड्यांत गाडी आदळली की तेवढं थांबायचे.

घरी आल्यावर संध्याकाळी मला वही आणायला सांगितली. पान उघडून माझ्यापुढे धरलं. तारीख, चार आकडे, त्यांच्या तिरप्या अक्षरात दोनदा पंचवीस. सहीचा रकाना कोरा होता. इतक्या वर्षांच्या पानांत एवढाच कोरा.

"सही कर," म्हणाले. "मोजलं कोणी? तू. मंग सही तुझी."

मी पेन घेतलं आणि तसंच धरून बसले. मान खाली घातली तर समोर त्यांची काठी होती, पलंगाला टेकवलेली, आणि तिच्यावरचा काळ्या पट्टीचा वेढा. टेप हाताशीच होता. मी काठी उभी धरून जमिनीपासून वेढ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. पंचवीस. उन्हाळ्यातच त्यांनी ओळखलं होतं, की येत्या दसऱ्याला आपल्याला वाकता येणार नाही. गाडी आली त्या दिवशी फाटकापाशी, आणि खंडेनवमीला मी पोत्यावर बसून घाम पुसत होते तेव्हा माझ्या मागे, ते काठी मडगार्डला लावून उभे होते. पाऊण इंच रुंदीची ती पट्टी असते. वेढ्याच्या वर तशा दोन पट्ट्यांएवढ्या अंतरावर मडगार्डची कड आहे, हे बघायला त्यांना माझी गरज नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, आणि रडू आलं.

"काहून रडून राहिली? आकडा काही खोटा नाही तुझा." ते पलंगावरून उठले, काठी माझ्या हातातून घेतली. "कडक तार आहे, सावकाश बसन. दीड इंच बसाले तीन दसरे लागन. तवा पंचवीस बराबर होईन. तू सही करून ठेव."

तीन दसरे. मी मनात मोजले. असं अजून किती वर्षं, या ज्या प्रश्नाची मला वर्षभर लाज वाटत होती त्याचं उत्तर त्यांनी आकड्यात देऊन टाकलं होतं, आणि मला ते कमी वाटलं.

मी सही केली.